नैराश्यावर ‘मॅजिक मशरूम’चा उपचार: संशोधन नेमके काय सांगते आणि आपल्याकडे ते शक्य आहे का?

प्रश्न: मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. मी लातूरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझे माहेर औसा तालुक्यात आहे आणि हा प्रश्न माझ्या धाकट्या भावासंबंधी आहे. त्याचे वय ४६ असून गेली दोन वर्षे तो नैराश्याने आजारी आहे. दिवाळीला मी गेले तेव्हा सोयाबीनची रास अंगणात ताडपत्रीखाली तशीच पडून होती, आणि तो ओसरीवर बसून ताडपत्रीची दोरी बोटाला गुंडाळत होता, पुन्हा सोडत होता. मी अर्धा तास त्याच्या शेजारी बसले. तेवढ्या वेळात तो एकदाच बोलला: “आक्का, पाणी कुठंय?” पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशीच होता.

त्याला दोन ठिकाणी दाखवून झाले. दोन्ही वेळा वेगवेगळ्या गोळ्या मिळाल्या, परंतु गुण आला नाही. माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने गेल्या महिन्यात मला काही चित्रफिती आणि लेख पाठवले. एका विशिष्ट अळंबीतील सायलोसायबिन नावाच्या द्रव्याचा एकच डोस दिल्यानंतर वर्षानुवर्षांचे नैराश्य उतरले, असे त्यांत म्हटले आहे. वडिलांना परदेशातील एखाद्या शिबिराला न्यावे किंवा ती अळंबी कुठून तरी मागवावी, असे त्याच्या मनात आहे. त्याआधी सध्याच्या गोळ्या बंद कराव्या लागतात, असेही तो सांगतो. इकडे गावातील एका गृहस्थांनी ‘तेच काम आपला धोतरा करतो’ असे सांगून भावजयीच्या मनात भलतेच भरवले आहे.

मुलगा बापासाठी तळमळतो आहे, म्हणून त्याला नुसते ‘नाही’ म्हणणे मला योग्य वाटत नाही. हे संशोधन खरे आहे का, खरे असेल तर कितपत, आणि आमच्यासारख्या घराने त्यातून काय घ्यावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर: गोदाकाठ (मानसोपचारतज्ज्ञ, नांदेड)

ताई, धोतऱ्याचे आधी सांगतो, कारण ते सर्वांत तातडीचे आहे. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यातील विष सायलोसायबिनच्या जातीचे नाही. त्याने माणूस बरळतो, घसा कोरडा पडतो, नाडी धावते, ताप चढतो, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर जीव जातो. एका झाडाच्या बियांमध्ये किती विष आहे, हे पाहून कोणालाच सांगता येत नाही. हे आजच भावजयींना फोन करून सांगा.

आता मूळ विषय. आपल्या भाच्याने पाठवलेली माहिती खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाला १९४३ मध्ये एलएसडी या भास निर्माण करणाऱ्या द्रव्याचा मनावरील परिणाम लक्षात आला, आणि मेक्सिकोतील अळंबीतून सायलोसायबिन वेगळे करण्याचे कामही १९५८ मध्ये त्यानेच केले. त्यानंतरची काही वर्षे या द्रव्यांवर बराच अभ्यास झाला. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर मात्र तो जवळजवळ थांबला, आणि या शतकात पुन्हा सुरू झाला.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१६ मध्ये ५१ कर्करुग्णांवर झालेला अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. मृत्यूच्या भीतीने खचलेल्या या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांचे नैराश्य आणि चिंता सहा महिन्यांनंतरही लक्षणीय प्रमाणात कमी होती. मी तो निबंध प्रथम वाचला तेव्हा माझ्या वॉर्डातील दोन रुग्ण डोळ्यांसमोर आले होते, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. परंतु पुढे अभ्यास मोठे आणि काटेकोर होत गेले तसतसा परिणामाचा आकडा लहान होत गेला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ५९ रुग्णांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सायलोसायबिनची तुलना एस्सिटॅलोप्रॅम या आपल्याकडे कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळीशी केली होती. सहा आठवड्यांनी मुख्य मोजमापात दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. सुधारणा दोन्हीकडे झाली होती. २०२२ मध्ये २३३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या या रुग्णांपैकी २५ मिलिग्रॅम मिळालेल्या गटातील ३७ टक्के रुग्णांना तीन आठवड्यांनी चांगला गुण आला, तर नाममात्र १ मिलिग्रॅम मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. बारा आठवड्यांपर्यंत टिकून राहिलेला गुण मात्र २५ मिलिग्रॅमच्या गटातही २० टक्क्यांपुरताच उरला. काही रुग्णांमध्ये आत्महत्येचे विचार दिसले, आणि असे रुग्ण सर्व मात्रांच्या गटांत होते. २०२५ च्या जूनमध्ये आणखी मोठ्या चाचणीचा निकाल आला. ६० गुणांच्या मोजपट्टीवर औषध आणि प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) यांच्यातील सरासरी फरक ३.६ गुणांचा होता. हा फरक खरा आहे, उपयोगाचाही असू शकतो, पण चित्रफितींमध्ये जे रंगवले जाते ते हे नव्हे.

आणखी एक अडचण अशी, की ज्याला २५ मिलिग्रॅम मिळाले त्याला अर्ध्या-एक तासात ते कळतेच. भिंतीवरची नक्षी हलताना दिसली म्हणजे आपल्याला खरे औषध मिळाले, हे सांगायला कोणाची गरज उरत नाही. मग बरे वाटण्यात औषधाचा वाटा किती आणि ‘मला ते मिळाले’ या आशेचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण होते. या क्षेत्रातील संशोधक स्वतःच हा प्रश्न सतत मांडत आले आहेत.

सर्वांत महत्त्वाचा भाग चित्रफितींत क्वचितच दिसतो. चाचणीतील रुग्णाला नुसती कॅप्सूल हातात दिली जात नाही. आधी त्याची संपूर्ण तपासणी होते, आणि स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर असा आजार असेल तर बहुतेक ठिकाणी त्याला चाचणीत घेतच नाहीत, कारण अशा माणसाचे मन या द्रव्याने पूर्ण विस्कटण्याचा धोका असतो. आधीच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या जातात. उपचारकांशी अनेक बैठका होतात. नंतर घरासारख्या सजवलेल्या एका खोलीत तो डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर संगीत घेऊन सहा ते आठ तास पडून राहतो, आणि बहुतेक चाचण्यांत दोन प्रशिक्षित माणसे तो सगळा वेळ त्याच्या उशाशी बसलेली असतात. रडू आले, भीती वाटली, मेलेले वडील दिसले, तर हात धरायला कोणी तरी असते. त्यानंतरही बैठका चालू राहतात. हे सगळे वगळून फक्त अळंबी मागवणे म्हणजे शस्त्रक्रियागृह आणि भूल देणारे डॉक्टर वगळून फक्त सुरी मागवण्यासारखे आहे. परदेशातील शिबिरांविषयी माझे मत असे, की तिथे यातील किती गोष्टी पाळल्या जातात ते आपल्याला इथून तपासता येत नाही, आणि ४६ वर्षांच्या खचलेल्या माणसाला अनोळखी भाषेच्या लोकांमध्ये त्या अवस्थेत नेऊन बसवणे मला धोक्याचे वाटते.

आता मला आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. दोन्ही वेळच्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि त्या प्रत्यक्षात किती दिवस घेतल्या, हे घरी विचारा. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते नको, पोटात काय गेले ते हवे. दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण आला नाही, तरच त्याला औषधाला दाद न देणारे नैराश्य म्हणतात, आणि बहुतेक गोळ्यांचा गुण कळायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसरे, नात्यात कोणाला मनाचा आजार होता का, तेही आठवून पाहा. तोवर गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. घरात फवारणीची औषधे असतील तर ती आजच दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवायला सांगा. हे मी प्रत्येक शेतकरी कुटुंबाला सांगतो.

उत्तर: वकील, छत्रपती संभाजीनगर

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. सायलोसायबिन, एलएसडी, डीएमटी आणि एमडीएमए ही द्रव्ये १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहेत. ती बाळगणे, विकणे, मागवणे हे सर्व गुन्हे आहेत. एलएसडीच्या बाबतीत ०.१ ग्रॅम एवढी मात्राही ‘व्यावसायिक’ ठरते, आणि व्यावसायिक मात्रेला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. जामीनही सहजासहजी मिळत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका जामीन प्रकरणात म्हटले, की अळंबी हे नैसर्गिक बुरशीचे रूप असून ते ‘मिश्रण’ नव्हे, त्यामुळे तिचे सगळे वजन द्रव्याचे वजन म्हणून धरता येत नाही. समाजमाध्यमांवर काही जण याचा अर्थ ‘मशरूम आता चालते’ असा लावतात. तो साफ चुकीचा आहे. तो प्रश्न वजन कसे मोजावे याचा होता, आणि सायलोसायबिन यादीत जिथल्या तिथे आहे. आपल्या भाच्याने असे पार्सल मागवले, तर बापाच्या आजारपणात घरावर मुलाच्या खटल्याचा भार येईल. मी अशी घरे पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी मात्र याच कायद्यात परवानगीने वाट ठेवलेली आहे. म्हणजे संशोधन करायचे असेल तर कायदा भिंत नाही, दार आहे; ते ठोठावावे लागते एवढेच.

उत्तर: किल्लारी परिसर

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले सर्व मला मान्य आहे, तरी एका गोष्टीविषयी मला बोलायचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आमचे घर पडले. मी नऊ वर्षांचा होतो. माझी आई आज सत्तरीच्या पुढे आहे, पण दाराला आतून कडी लावू देत नाही. तिच्या उशाशी बॅटरी आणि चपला एका विशिष्ट पद्धतीने, टाचा भिंतीकडे करून ठेवलेल्या असतात, आणि पहाटे चारच्या आत ती एकदा तरी उठून त्या चाचपून पाहते. आम्हाला पत्र्याची पक्की घरे मिळाली, रस्ते मिळाले. या उठण्याविषयी तिला बत्तीस वर्षांत एकाही माणसाने विचारले नाही.

म्हणून एमडीएमएच्या चाचण्यांविषयी वाचले तेव्हा मी थबकलो. जुन्या आघातातून न सुटलेल्या ९० जणांवरील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकी आठ तासांच्या तीन बैठकांनंतर औषध मिळालेल्या ६७ टक्के लोकांमध्ये त्या आजाराचे निदान उरले नव्हते. औषधाविना फक्त संवादोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. नंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी मंजुरी नाकारली, हेही मी वाचले. त्याआधीच्या एका चाचणीत उपचारकांनी रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केल्याचे उघड झाले होते, ते वाचून माझा संताप झाला. ज्या औषधाने माणसाचे मन दारे उघडून बसते, त्या वेळी खोलीत कोण बसले आहे याला औषधाइतकेच महत्त्व आहे.

तरीही माझे म्हणणे असे आहे, की ‘अजून थांबा’ हे वाक्य मराठवाड्याने फार ऐकले आहे. पाण्याबद्दल ऐकले, रेल्वेबद्दल ऐकले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना ही दोन औषधे ठरावीक आजारांसाठी वापरण्याची मुभा दिली. आपल्या देशात बंगळुरूच्या निमहान्ससारखी मानसिक आरोग्याची संस्था आहे. वकीलसाहेब म्हणतात तसे दार असेल, तर आमच्यासारख्या लोकांसाठी, आमच्या भाषेत, आमच्या आईसारख्या बायांना विचारून हे संशोधन का होऊ नये? चाचण्यांत आलेले बहुतेक लोक गोरे, शिकलेले, शहरातील होते. माझी आई डोळ्यांवर पट्टी बांधून परक्या संगीतात पडून राहील का, की तिला कोणी ओवी म्हणून दाखवावी लागेल, हे कोणाला ठाऊक आहे?

उत्तर: गोदाकाठ (मानसोपचारतज्ज्ञ, नांदेड)

भाऊ, आपले शेवटचे दोन प्रश्न मी वहीत उतरवून घेतले आहेत. आपल्याकडे हे संशोधन व्हावे, या मताशी मी पूर्ण सहमत आहे, आणि ते झाले तर रुग्ण नोंदवून घेण्यात मी पहिला असेन. ‘थांबा’ म्हणजे हात बांधून बसा, असे मात्र मला म्हणायचे नाही. आईंच्या त्रासावर कोणतेही द्रव्य न देता करण्याचे उपचार आज आहेत. आघाताच्या आठवणीला केंद्रस्थानी ठेवून केला जाणारा संवादोपचार आणि ईएमडीआर ही डोळ्यांच्या ठरावीक हालचालींच्या साथीने आठवण हाताळण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आहे. सत्तरीतही त्याचा उपयोग होतो. अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा, आणि शिकलेला उपचारक तिथे नसेल तर कुठे आहे ते विचारल्याशिवाय उठू नका.

ताईंच्या भावासाठीही मधल्या पायऱ्या आहेत. केटामाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी अनेक दशके वापरले जाणारे औषध आहे. त्याची काम करण्याची रीत सायलोसायबिनपेक्षा वेगळी आहे, पण लहान मात्रेत ते हट्टी नैराश्य काही तासांत हलके करू शकते. त्याचेच एक रूप, नाकात फवारण्याचे एस्केटामाइन, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. त्याचा गुण बहुधा काही दिवसांचाच असतो, रक्तदाब वाढतो, आणि सवय लागण्याचा धोका असल्यामुळे ते रुग्णालयातच, देखरेखीखाली द्यावे लागते.

विजेच्या उपचाराचे नाव काढले की घरचे लोक उठून जातात, याचे मला फार वाईट वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास मनाईच केली आहे. रुग्ण झोपलेला असतो, पायाच्या बोटांची किंचित थरथर दिसते, आणि थोड्या वेळाने तो चहा मागतो. काही दिवस विसरभोळेपणा येतो, हे खरे आहे. पण अन्नपाणी सोडलेली माणसे दोन-तीन आठवड्यांत पुन्हा शेतात गेलेली मी पाहिली आहेत.

प्रश्नकर्त्या: मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी माहेरी जाऊन आले. भावजयीने देव्हाऱ्याखालच्या डब्यातून सगळ्या पट्ट्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि आम्ही दोघींनी त्या मोजल्या. पहिली गोळी एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅमची होती, ती अठरा दिवस घेतली गेली. दुसरी वीस दिवस. पहिलीने मळमळत होते आणि दुसरीने सकाळी उठवत नव्हते, म्हणून त्याने कोणाला न सांगता सोडून दिली. दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा कोणी गेलेच नव्हते. मी दोन वर्षे ‘गुण आला नाही’ असे सर्वांना सांगत होते, आणि गुण यायला लागणारे दिवस आम्ही दिलेच नव्हते. गोळी सोडल्याचे त्याने मला सांगावे असे मी कधी वागले नाही का, हा विचार परतीच्या एसटीत माझ्या मनातून गेला नाही.

फवारणीचे डबे शेजारच्या चुलतभावाच्या गोदामात हलवले. भाच्याला मी हा सारा मजकूर वाचायला पाठवला. त्याने ३७ वरून २० वर आलेला आकडा स्वतः मूळ निबंधात जाऊन पाहिला आणि रात्री फोन केला. मागवण्याचा विचार त्याने सोडला आहे. शनिवारी तो गावी येतो आहे.

नात्याबद्दल विचारले होते. आमचे एक चुलते होते. माझ्या लहानपणी त्यांना कधी कधी आठ-पंधरा दिवस झोपच नसायची. ते रात्रभर बोलत राहायचे, आणि एकदा तशाच अवस्थेत त्यांनी हळीच्या बाजारातून न विचारता दोन बैलजोड्या आणल्या होत्या. पुढे ते महिनोन्महिने अंथरुणाला खिळून असायचे. घरात सगळे त्याला ‘बाहेरची बाधा’ म्हणत. आज हे लिहिताना मला वेगळाच संशय येतो आहे.

उत्तर: गोदाकाठ (मानसोपचारतज्ज्ञ, नांदेड)

ताई, हा संशय रास्त आहे. न तपासता निदान करता येत नाही, पण आपण वर्णन केले ते बायपोलर आजाराशी बरेच जुळते. सायलोसायबिनच्या चाचणीत आपल्या भावाला बहुधा एवढ्या एका कारणावरून घेतले नसते, आणि शिबिरात हे कोणी विचारले असते की नाही, कोण जाणे. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या देतानाही डॉक्टरांना ही माहिती लागते, कारण अशा घराण्यात काही वेळा त्या गोळ्यांनी मन उलट टोकाला जाते आणि मग वेगळे औषध निवडावे लागते. यापूर्वी भावाला कधी न झोपता उत्साहात गेलेले दिवस होते का, ते भावजयींना एकांतात विचारा.

शनिवारी भाचा आला की तिघांनी बसून एक कागद तयार करा. चुलत्यांची हकिकत पहिल्या ओळीत लिहा, त्याखाली दोन्ही गोळ्या, मात्रा, दिवस आणि सोडण्याचे कारण. रिकाम्या पट्ट्याही बरोबर न्या. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी झाली नसेल तर ती मागून घ्या. जायच्या आधी एखादी रात्र जड गेली, तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. भाच्याला माझा निरोप द्या, की वडिलांबरोबर डॉक्टरांच्या खोलीत त्यानेच बसावे. मूळ निबंध उघडून आकडा तपासणारा मुलगा तिथे योग्य प्रश्न विचारील.